लागत नाही

“पुढून फावडं अन् मागून चमचा… असे पाय असतात का कुठं! कंपनी बनवते का अशे बूट!”

पायाशी उकिडवा बसलेला दुकानदार रामलाल स्वतःशीच पुटपुटला, पण त्याचं डोकं उज्ज्वलाच्या गुडघ्याला टेकायच्या बेतात होतं, त्यामुळे ते सगळं तिला ऐकू आलं — आणि राग येण्याऐवजी हसूच आलं, कारण तिच्या पायांबद्दल इतकं सरळ कोणी बोलल्याला बरेच दिवस झाले होते. समोर निळा बूट जीभ बाहेर काढून बसलेला. रामलालने तिच्या उजव्या पायात तो चढवला, अंगठ्यापुढे बोटाने दाबून पाहिलं.

“लागते का कुठं?”

“नाही लागत.”

बुटाच्या दुकानात याहून चांगलं उत्तर नाही. दुकानदार खूश, नवरा खूश, मुलगी खूश. हेच दोन शब्द डॉक्टरांच्या खोलीत मात्र तिने गिळले होते… साखरेचा रिपोर्ट टेबलावर, तिचे डोळे मिटलेले, आणि डॉक्टर तळपायाला बारीक धागा टेकवून म्हणत होते, लागलं की हो म्हणा. धागा टेकवायला ते वाकले की त्यांची खुर्ची जरा कुरकुरायची, आणि ते ऐकून ती हो म्हणायची. बऱ्यापैकी मार्क पडले असावेत. डॉक्टर तिच्याकडे क्षणभर बघत राहिले आणि म्हणाले, अनवाणी धावणं नको आता, चांगला बूट घ्या.

म्हणून तर ही यवतमाळची फेरी, मेन लाईनच्या बाजारातलं हे दुकान.

“संध्याकाळीच घ्यायचा असते बूट, पाय फुगलेले असतात तवा,” लेक प्रियंका आईला मोबाईलवरून वाचून दाखवत होती. “बोटं आत मोकळी हलली पाहिजे. अन् अनवाणी धावणाऱ्यानं एकदम जाड तळाचा घेऊ नये, याडी. हळूहळू सवय लावायची.”

“जाडच घ्या,” तिचा नवरा देवसिंग म्हणाला. “काटा आरपार येऊ नये इतका.”

“मंग हा पाहा, भाऊ! घातला का ढगावर चालल्यावानी वाटते,” रामलाल म्हणाला.

ढगावर! उज्ज्वलाला वाटलं, याला सांगावं — अरे बाबा, मी वर्षभर तिथेच राहते आहे, फुकट. एकदम नव्हती गेली ती तिथे. आधी बेंबळा धरणाच्या कालव्याकाठच्या पाळीवरची बारीक रेती गेली, मग सकाळचं दव गेलं. पऱ्हाटीच्या वावरातली ढेकळं, उन्हाने तापलेला फुफाटा — तांड्यातलं लहानपणापासून ओळखीचं एकेक माणूस उठून जावं आणि जाताना सांगूही नये, तसं ते सगळं पायाखालून निघून गेलं, आणि ती धावतच राहिली — खाली काही नसलेल्यावरून, अलगद, कापसावरून… खोटं कशाला बोला, त्यात गोडी होती. बायकांच्या शर्यतीत ‘अनवाणी काकू’ आली की लोक शिट्ट्या मारायचे. एकदा का हे तोंडातून निघालं, की काकू गेली, पाळ गेली, पहाट गेली. उरेल ती औषधाच्या डब्या सांभाळणारी बाई.

घरच्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. एका सकाळी ती धावून आली, चहा ठेवला, मागे वळून पाहिलं तर दारापासून चुलीपर्यंत लाल पावलं, लक्ष्मी आल्यासारखी. बाभळीचा काटा टाचेत मोडला होता. प्रियंका पोछा घेऊन पुसत गेली आणि म्हणाली, रस्ते लय खराब झाले. देवसिंग म्हणाला, बाभळी वाढल्या. बाभुळगावात राहून बाभळींना नावं ठेवणं सोपं. अख्ख्या तालुक्यावर दोष गेला, एका पायाला कोणी शब्द लावला नाही.

“डावा बी घाला अन् पळून पाहा,” रामलाल म्हणाला.

डावा तिने स्वतःच घातला, नाडी आवळली. काउंटरपासून दारापर्यंत, दारापासून आरशापर्यंत. आरशात एक पिकल्या केसांची बाई निळे बूट घालून पोरीसारखी तरंगत आली. तिच्यामागून, दुकानाच्या भिंतीतून, कालव्याचं पाणी वाहत असावं असं वाटलं…

“कशी वाटते, याडी?”

“मस्त.”

“मंग बांधा!” देवसिंगचा सुटकेचा श्वास.

रामलालने डावा बूट काढून घेतला, सवयीने आत हात घातला आणि बाहेर आला तो कागदाचा बोळा. बोळा कसला, चपटी चकती झाली होती. तिच्यावर पाचही बोटं नीट उमटलेली. कागदाला बोटं कळली होती.

“अरे! कागद राह्यला ना आतच! अन् ताई दुकानभर पळून आल्या!” तो मोठ्याने हसला. एकटाच.

प्रियंकाने मोबाईलमध्ये मान घातली. देवसिंगने पुढे होऊन तो कागद रामलालच्या हातातून घेतला, मांडीवर ठेवून तळहाताने सरळ करू लागला — किती वेळ करत होता! — आणि त्या कागदालाच म्हणाला, “मऊ आहे हा. कोणालेबी नसता समजला.”

“हो ना बा,” प्रियंका घाईने म्हणाली. “मले बी नसता समजला.”

आता दोघंही खोटं बोलत होती, तिच्यासाठी, भर दुकानात… उज्ज्वलाला त्यांची कीव आली, आणि माया आली. डॉक्टरांच्या खुर्चीशी ती एकटीच लबाड होती. आता घरच सगळं कुरकुर ऐकून हो म्हणायला शिकलं होतं.

“चला, कागद गेला,” रामलालने बूट पुन्हा चढवला. “आता सांगा ताई, लागते का?”

“नाही लागत,” ती म्हणाली. आणि मग, देवसिंगकडे बघत, “बुटाचं नाही सांगून राह्यली मी. मले लागतच नाही. काटा नाही, खडा नाही, दव नाही. दोन्ही पायाले.”

पंखा फिरतच होता. देवसिंगचा तळहात कागदावर थांबला. आणि आपण कुठूनतरी उंचावरून हळूहळू खाली येत आहोत, जड होत आहोत, असं तिला वाटत राहिलं… जमीन आली की पायांना कळणार नव्हतं, पण ती आली असावी.