सातव्या बादलीची पुडी

रात्री दहाला सुपरमार्केटचं शटर खाली यायचं आणि सकाळी सातला वर जायचं. मधले नऊ तास मिस्त्रीचे. दुकान एक दिवसही बंद न ठेवता पाच रात्रींत सगळी जमीन नवी करून द्यायची, असं ठरलं होतं. ट्रॉल्यांच्या चाकांनी जुना कोबा जागोजागी उखडला होता. रोज एका पट्ट्यातले रॅक सरकवायचे, कोबा घासून खरखरीत करायचा, भेगा भरायच्या आणि वर रेझिनचा थर ओढायचा. हे रेझिन तासाभरात दगडासारखं घट्ट होतं, म्हणून तर एका रात्रीत काम उरकतं. पण सगळी करामत त्यात घालायच्या पांढऱ्या पावडरीची. बादलीमागे एक पुडी. पुडी पडली की घड्याळ सुरू. दहा-बारा मिनिटांत माल जमिनीवर पसरलाच पाहिजे. पुडी नाही पडली, तर तो माल आठवडाभरही सुकत नाही.

म्हणून पुडी घालायचं काम मिस्त्री दुसऱ्या कोणाच्या हाती देत नसे.

त्याच्या हाताखाली तिघं होते. कोबा घासणारे दोघे भाऊ, जे मशीन बंद केल्यावर डोळे सोडून सगळे पांढरे दिसत. आणि मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, वय पस्तीस, राहायला मिस्त्रीच्याच घरी. याने आधी मोबाईलच्या कव्हरांचं दुकान काढलं, मग ज्यूसचं, मग जुनं फर्निचर रंगवून विकायला लागला. एकही धंदा वर्षभर टिकला नाही. दोघा भावांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव उद्योगपती ठेवलं. तोही हाकेला ओ देऊ लागला, त्यामुळे नाव चिकटलंच.

त्याला कामावर घ्यायला मिस्त्रीचं मन घेत नव्हतं. पण बायको महिनाभर मागे लागली होती. "एकदा नेऊन तर बघा. त्याला हातात काहीतरी हवंय हो, नुसता घरात बसून खंगतोय." शेवटी मिस्त्री हो म्हणाला आणि त्याला बादल्या वाहायला आणि धूळ ओढायला लावलं.

तिसरी रात्र सगळ्यांत अवघड होती. बिलाच्या काउंटरांसमोरचा पट्टा. दुकानात येणारं प्रत्येक माणूस तिथे उभं राहणारच. एकपर्यंत घासून, झाडून, प्रायमर मारून झालं आणि मिस्त्रीने माल कालवायला घेतला. रात्रपाळीला थांबलेल्या मॅनेजरबाई मध्येच एकदा विचारायला आल्या, ट्रॉल्यांची रांग कुठे हलवू म्हणून. तो उठून दाखवून आला आणि पुन्हा कालवायला बसला. अकरा बादल्या झाल्या. वर वाळू भुरभुरली. सगळ्यांनी चहा घेतला.

साडेतीनला थोरला भाऊ जमीन चाचपत पुढे सरकत होता. तिसऱ्या काउंटरसमोर तो थांबला.

"मिस्त्री, इथं चिकट लागतंय."

मिस्त्रीने हात टेकवला. तळवा उचलताना जमीन सोडेना. दोन्ही बाजू खणखणीत, आणि मधे खाटेएवढा तुकडा नुसता लगदा.

त्याने मान वर केली ती थेट मेहुण्याकडे.

"कुठली बादली आणलीस तू इथं? जुना, बाद झालेला माल तर नाही ना?"

"झाकणांवरचे आकडे बघूनच आणल्या, दाजी. ही सातवी."

"उद्योगपतींनी आणखी एक धंदा बुडवला," धाकटा भाऊ पुटपुटला. कोणी हसलं नाही.

"तुझ्या बहिणीचं ऐकलं, तिथंच चुकलं माझं," मिस्त्री म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने, पण रिकाम्या दुकानात तो शेवटच्या रॅकपर्यंत गेला.

मेहुण्याचा चेहरा उतरला. "मी खरवडायला घेतो," एवढंच म्हणून तो पत्रे आणायला गेला.

तुकडा केवढा आहे ते नीट बघायला मिस्त्री गुडघ्यांवर वाकला, आणि त्याच्या शर्टाच्या खिशात काहीतरी कुरकुरलं. त्याने दोन बोटं घातली. पुडी. तोंड फाडलेलं नाही, भरलेली. मॅनेजरबाईंनी हाक मारली तेव्हा हातातली पुडी त्याने खिशात टाकली होती, आणि परत येऊन नुसतंच रेझिन घुसळून ओतलं होतं.

दोघे भाऊ पाठमोरे उभे होते. मेहुणा लांब होता. रिकाम्या पुड्यांची पिशवी तर हाताच्या अंतरावर. पुडी फोडून पावडर कचऱ्यात झटकली असती, तर मिस्त्रीवर कोणी बोट ठेवलं नसतं. सव्वीस वर्षं तो हे काम करत होता. मागच्या साली अशाच एका चुकीपायी त्याने एका माणसाला दुसऱ्या दिवशी येऊ नकोस म्हणून सांगितलं होतं. मेहुणा पत्रे घेऊन आला, तुकड्याच्या कडेला बसला आणि खाली मान घालून खरवडायला लागला.

"थांब," मिस्त्री म्हणाला. "पुडी माझ्या खिशात राहिली. तुझा काही संबंध नाही. माझी चूक आहे."

भावांनी वळून पाहिलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. मेहुण्याने पुडी हातात घेतली, उलटसुलट केली आणि परत दिली. बोलायची संधी चालून आली होती. त्याने फक्त विचारलं, "दाजी, वेळ पुरेल का आपल्याला?"

"हात चालले तर पुरेल."

मिस्त्री आधी मॅनेजरबाईंकडे गेला आणि जे झालं ते सांगून टाकलं. त्या घड्याळाकडे बघत राहिल्या. "दुकान सातला उघडेल?"

"उघडेल. तीन नंबरच्या काउंटरला थोडा उशीर होईल."

"मग मला आत्ता सांगितलंत ते बरं केलंत," त्या म्हणाल्या आणि खोक्यांच्या पुठ्ठ्यांचा गठ्ठा उचलून आणला, गुडघ्यांखाली घ्यायला. बाजूचा कोरा पट्टा खराब होऊ नये म्हणून त्यावरही त्यांनी स्वतः पुठ्ठे अंथरले.

चौघं गुडघ्यांवर बसले. वाळू मिसळलेला तो लगदा च्युइंगमसारखा पत्र्याला, हातमोज्यांना, पुठ्ठ्याला चिकटत होता. एक बोट सोडवावं तर दुसरं अडकायचं. मास्कच्या आत घामाच्या धारा लागल्या. लगदा निघाला, मग खालचा कोबा थिनरच्या फडक्याने तीनदा पुसला, पंखे लावून वास बाहेर काढला, पुन्हा प्रायमर मारला. तो सुकेपर्यंत पाच वाजून गेले.

आता माल कालवायचा. मिस्त्रीने घुसळणी उचलली आणि बादलीसाठी वळला.

मेहुणा लागणाऱ्या दोन बादल्या, एक थराची आणि एक वरच्या पारदर्शक हाताची, घेऊन आला होता. प्रत्येकीच्या झाकणावर टेपने एकेक पुडी चिकटवलेली.

"हे काय?"

"झाकण काढायचं तर पुडी आधी हातात घ्यावीच लागते. विसरायची सोयच नाही."

"कुठं शिकलास?"

"ज्यूसच्या दुकानात. बाटलीबरोबर स्ट्रॉ द्यायला विसरायचो. लोक अर्ध्या वाटेवरून परत येऊन भांडायचे. मग बाटलीलाच चिकटवायला लागलो."

"मग दुकान का बसलं?"

"स्ट्रॉ सगळ्यांना मिळाल्या, दाजी. बाटल्या घेणारी माणसंच कमी पडली."

थोरला भाऊ फिस्सकन हसला आणि पाठोपाठ सगळेच हसले, मिस्त्रीसुद्धा. हसता हसता त्याच्या खांद्यांवरचा ताण सैल झाला. त्याने घुसळणी मेहुण्याच्या हातात दिली.

"तू कालव. मी बघतो. सावकाश फिरव, हवा धरता कामा नये. तळाशी ने, कडेला ने. हां. आता पुडी."

पुडी पडली. मेहुण्याने मोजून दोन मिनिटं घुसळलं आणि ओतलं. मिस्त्रीने दातेरी फावड्याने माल ओढला, ओल्या मालावर चालता यावं म्हणून खिळ्यांचे जोडे घालून धाकटा भाऊ त्यावरून काटेरी रोलर फिरवत गेला, आणि पृष्ठभागावर आलेले बुडबुडे एकेक करून फुटले. मग वाळू, मग वाट बघणं, मग वरचा पारदर्शक हात. सात वाजता शटर वर गेलं तेव्हा तीन नंबरच्या काउंटरसमोर अजून पट्टी बांधलेली होती. सव्वासातला मॅनेजरबाईंनी टाचेवर जोर देऊन पाहिला, नखाने कड टोकरून पाहिली आणि पट्टी काढली.

घरी परतताना टेम्पोत दोघे भाऊ मागे झोपले होते.

"ताईला सांगू नका हं," मेहुणा म्हणाला.

"का?"

"तुम्हाला बोलेल ती."

"बोलू दे की. मी तुला बोललोच ना, काही कारण नसताना." मिस्त्रीने गिअर बदलला. "तसं बोलायला नको होतं मी."

मेहुण्याने खिडकीबाहेर बघत मान हलवली.

बायकोला मिस्त्रीने दारातच सगळं सांगितलं, बूट काढता काढता. ती बोलली, बरंच बोलली, आणि मग आडवं झालेल्या नवऱ्याच्या आणि भावाच्या अंगावर पांघरुणं टाकून कामाला निघून गेली.

चौथ्या रात्री माल कालवायला मेहुणा बसला. पहिल्या दोन बादल्यांना मिस्त्री त्याच्या डोक्यावर उभा होता. तिसरीला तो तिथून निघाला. कालवायच्या घाईत गेली कित्येक वर्षं भिंतीकडेचं काम तो दुसऱ्यांवर सोपवत आला होता. आज त्याने छोटी थापी शोधून काढली, पुठ्ठ्यावर बैठक मारली आणि जमीन जिथे भिंतीला भिडते तिथली गोलाई हळूहळू ओढायला घेतली. कोपऱ्यात घाण साचू नये, पोछा सरळ फिरावा, एवढ्यासाठीच ती असते. दुकानात येणाऱ्या कोणाचं तिच्याकडे लक्षही जात नाही. मागून मेहुण्याचा आवाज येत होता, "चौथी बादली, पुडी पडली," आणि मिस्त्री मान वर न करता थापी पुढे नेत होता, हाताला हवं तसं वळण घेत जाणारी ती कड बघत.