सरोजिनीबाईंच्या पाटीवरचा शब्द

आमच्या येरवड्याच्या रिक्षा स्टँडवर सरोजिनीबाई रोज सकाळी पाटीवर एक इंग्रजी शब्द लिहून जातात. रिटायर झालेल्या मास्तरीणबाई. नियम त्यांचाच. दिवसभरात तो शब्द पॅसेंजरपुढं वापरायचा, अन् जागा बघूनच वापरायचा.

त्या दिवशी शब्द होता डिस्गस्टिंग.

"म्हणजे वाईट ना, बाई?" मी म्हणलं.

"वाईट नव्हे, किळसवाणं. पोटात ढवळलं पाहिजे. चहा गार झाला, सिग्नल लांबला, असल्या गोष्टींवर हा शब्द उधळायचा नाही. कळलं का, रामदास?"

अन् नेमकी त्याच दिवशी माझी परीक्षा! समोरच्या हॉटेलाला परदेशी पाहुणे फिरवायला कायमचा एक रिक्षावाला पाहिजे होता. ट्रायलला एक गोऱ्या बाई येणार होत्या. मी सातवी नापास.

"सगळ्याला ब्युटिफुल म्हणा, भाऊ," कोंडीराम रिक्षावाला बोलला. "काम पक्कं!"

गोऱ्या बाई रिक्षात बसल्या. देऊळ आलं, ब्युटिफुल. वडाची झाडं आली, ब्युटिफुल. पीएमटीची बस अंगावर आली तेव्हा पाटीवरचा शब्द पार ओठावर आलता, पण गिळला. पोटात कुठं ढवळलं होतं? नुसता जीव घाबरला होता.

मग नदीवरचा पूल आला. बाईंनी नाकाला रुमाल लावला अन् हसून विचारलं, "ब्युटिफुल?"

आता बोला! हो म्हणलं की काम माझं. पण खाली ते काळं पाणी, फेस, प्लास्टिकच्या पिशव्या. माझ्याच्यानं नाही झालं, राव.

"नो मॅडम. डिस्गस्टिंग!"

त्यांचं हसू गेलं. "व्हाय?"

एवढं इंग्रजी कुठनं आणू? रिक्षा कडेला घेतली, हात मारून पोहून दाखवलं. "मी, स्मॉल बॉय. स्विमिंग हिअर. मदर वॉशिंग साडी. वॉटर, ड्रिंकिंग!"

बाई खाली उतरल्या. कठडा धरून कितीतरी वेळ पाण्याकडं बघत राहिल्या. मागनं हॉर्नवर हॉर्न. म्हणलं, गेलं काम!

हॉटेलात परत आल्यावर त्या मॅनेजर साईनाथसाहेबांशी भराभरा बोलल्या. साहेब माझ्याकडं बघतच राहिले.

"काय म्हणल्या, साहेब?"

"म्हणाल्या, हाच माणूस पाहिजे, हा थापा मारत नाही. उद्या सकाळी आठला या. अन् विचारतायत, नदीचं पाणी कुठं स्वच्छ आहे का? तिथं न्याल?"

"लई लांब हाय ते, पार वरच्या अंगाला," मी म्हणलं. "पण नेतो की! डबा बांधून घ्या म्हणावं, अख्खा दिवस जाईल!"