क्रमांक सातच्या दोन कुप्या

बंद पडलेल्या पेट्रोल पंपाखाली तीन टाक्या निघाल्या. दोन धड होत्या. तिसरीच्या तळाला अकरा भोकं होती. सर्वांत मोठ्या भोकातून करंगळी आरपार जायची. पेट्रोलने भिजलेली माती उपसली, ती एकेचाळीस ट्रक भरली. खालचं पाणी तपासायला सहा बोअर पाडल्या. सातवी जागा खणावी लागली नाही, ती आधीपासूनच होती: पंपामागच्या धुलाईच्या दुकानाची विहीर, बत्तीस फूट खोल, दगडी कठड्याची. पहिल्या तपासणीत तिच्या एका लिटर पाण्यात बेन्झीन, म्हणजे पेट्रोलमधला सर्वांत घातक घटक, अठराशे चाळीस मायक्रोग्राम निघाला. मर्यादा होती पाच.

विहीर धाकटीची. आणि तिच्यावर लोखंडी झाकण टाकून कुलूप लावायला सरकारी खात्यातर्फे आली ती तिचीच सख्खी थोरली बहीण.

पाच म्हणजे किती, हे थोरलीने तेव्हाच समजावून सांगितलं होतं. दहा लाख लिटर पाण्यात चमचाभर. धाकटीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चमचाभरासाठी माझी विहीर बंद करतेस का, असं तिने विचारलं. तुझ्या विहिरीत चमचाभर असता तर कुलूप कशाला आणलं असतं, असं म्हणून थोरलीने किल्ली आपल्या जुडग्यात अडकवली.

त्याला चार वर्षं झाली. नळाच्या जड पाण्याने धाकटीच्या चादरी पिवळट पडू लागल्या. पंपाच्या आवारात यंत्रं रात्रंदिवस जमिनीत हवा सोडत राहिली, कारण मातीतल्या जिवाणूंना हवा मिळाली की ते पेट्रोल खाऊन टाकतात. थोरली त्या यंत्रांना पोटच्या पोरांसारखी जपायची. एखाद्याचा सूर बदलला तरी तिला रस्त्यावरून कळायचं. गल्लीने तिचं नाव थेंबबाई ठेवलं होतं, आणि तिला ते आवडायचं.

नियम असा होता की सलग चार तिमाही आकडा पाचच्या आत हवा. एकदा जरी वर गेला, तरी मोजणी पहिल्यापासून. सात नंबरचे तीन आकडे आले होते: ४.६, ४.१, ३.९.

चौथ्या नमुन्याच्या दिवशी धाकटी मागेच उभी होती. विहीर उघडली की लावायचा फलक तिने रंगवायला टाकला होता, आणि अक्षरं निळी हवीत की हिरवी, हे तिला त्याच घटकेला ठरवायचं होतं. थोरलीने पाणी नमुन्याच्या दोन्ही कुप्यांत ओतलं, "निळी" म्हणाली आणि झाकणं फिरवली.

निकाल आला १.२. कार्यालयातून साहेबांनी स्वतः फोन करून अभिनंदन केलं, कुलूप काढायला सांगितलं.

थोरली मात्र कागदाकडे बघत राहिली. तीन तिमाही मुंगीच्या पावलांनी उतरणारा आकडा चौथ्याला उडी का मारेल? मग तिला तळाची बारीक टीप दिसली. दोन्ही कुप्यांत बुडबुडा, वाटाण्याहून मोठा.

बेन्झीन पाण्यातून निसटायला टपलेला असतो. कुपीत हवा राहिली की तो हवेत जातो आणि पाणी आहे त्याहून स्वच्छ दिसतं. म्हणून कुपी काठोकाठ भरायची, झाकण लावून उलटी करायची, बोटाने टिचकी मारून बुडबुडा आहे का बघायचं. हजारो कुप्या तिने अशा उलट्या केल्या होत्या. या दोन केल्या नव्हत्या.

तिने अहवालावर "नमुना रद्द" असं लिहून सही केली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "माझी चूक." साहेब म्हणाले, ती टीप कोण वाचतं? ती म्हणाली, मी.

मग ती दुकानात गेली. धाकटी इस्त्री करत होती. सगळं ऐकेपर्यंत तिने इस्त्री खाली ठेवली नाही.

"आणि पाचच्या वर गेला तर?"

"तर अजून एक वर्ष."

"ताई, तू माझी बहीण आहेस की विहिरीची? लोकांना पाण्यात पाहायचा पगारच मिळतो तुला."

थोरलीने टेबलावरची चादर उचलली. धाकटी प्रत्येक चादर घडी घालण्याआधी खिडकीपाशी उजेडात धरायची, हे ती लहानपणापासून बघत आली होती.

"गिऱ्हाइकाला न दिसणारा डाग असला तरी तू चादर परत हौदात का टाकतेस?"

"मला दिसतो म्हणून," धाकटी म्हणाली. मग तिने एवढंच विचारलं, की नमुना कधी घेणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने धुलाईची यंत्रं बंद ठेवली आणि परसाच्या दारात हाताची घडी घालून उभी राहिली. कोणाला आत सोडलं नाही, स्वतःही तोंड उघडलं नाही. एवढा वेळ गप्प राहिलेलं तिला घरात कोणी पाहिलं नव्हतं. थोरलीने विहिरीतून भरून काढलेली नमुन्याची नळी बारीक धारेने कुपीत रिकामी केली. पाणी कडेवर फुगून थरथरलं, पण सांडलं नाही. झाकण. उलटी. टिचकी. तिने कुपी उजेडात धरली, मग दुसरी धरली. धाकटीने जवळ येऊन दोन्ही पाहिल्या आणि मान डोलावली.

निकालाला नऊ दिवस लागणार होते. सहाव्या दिवशी थोरली यंत्रांच्या नोंदी घेत होती. दुकानात एक जुनं गिऱ्हाईक विचारत होतं, की आकडा चांगला आला म्हणे, मग विहिरीला अजून कुलूप कसं?

"आला होता," धाकटीचा आवाज भिंतीपलीकडून खणखणीत आला. "माझ्या ताईने रद्द केला. स्वतःची चूक स्वतः सही करून लिहिली. तिचा आकडा येऊ दे, मग उघडेन. दुसऱ्या कोणाच्या शब्दावर मी उघडणार नाही."

थोरलीने त्या ओळीतली नोंद दोनदा लिहिली आणि एक खोडली.

नवव्या दिवशी कागद आला. क्रमांक सात. कुप्या दोन. बुडबुडा नाही. बेन्झीन, प्रति लिटर: ३.४ मायक्रोग्राम.