खालची खाट

विहीणबाईंनी खालची खाट मला दिली, तेव्हाच मला संशय आला.

त्यांचे गुडघे दुखतात. घरी माळ्यावरचा डबा काढायचा तरी शेजारणीला हाक मारतात. आणि परदेशातल्या त्या स्वस्तातल्या हॉस्टेलात, जिथे एका खोलीत आठ जण दुमजली खाटांवर झोपतात, तिथे लोखंडी शिडीकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही झोपा खाली. मला वरची हवा आवडते." वर हवा नव्हतीच. वर तापलेला पत्रा होता आणि शेजारच्या खाटेवरच्या दाढीवाल्या पोराचे वाळत घातलेले मोजे होते.

मी रिटायर होईपर्यंत बसमध्ये कंडक्टर होते. माणूस बिनतिकीट आहे हे मला तिकीट विचारायच्या आधी कळायचं. तिकीट काढलेला माणूस खिडकीवरून भांडतो, सुट्ट्यावरून भांडतो, पाय पसरून बसतो. बिनतिकिटाचा अंग चोरून बसतो. म्हाताऱ्यांना जागा देतो, माझ्याकडे बघून हसतो. एवढी अदब दिसली की मी आधी तिकडे वळायची. विहीणबाई शिडी चढताना तशा हसल्या होत्या.

पण मी विचारलं नाही. कारण बिनतिकीट मीही होते.

झालं होतं असं. निघायच्या आदल्या आठवड्यात मी पाठीवरच्या पिशवीत कपडे कोंबत होते, तेव्हा लेक माझ्याकडे आली आणि दार लोटून म्हणाली, "आई, आम्ही वेगळे होतोय. ठरलंय. भांडण नाही, मारामारी नाही, फक्त जमत नाही." मी पिशवी खाली ठेवली. ती म्हणाली, "त्याच्या आईला अजून माहीत नाहीये. तुम्ही परत आलात की तो सांगणार आहे. तू आत्ता काही बोलू नकोस आणि ट्रिपही रद्द करू नकोस, त्यांना बीपी आहे." मी हो म्हटलं. मग दारात जाऊन ती पुन्हा वळली. "आणि परत आल्यावर हळूहळू जाणं-येणं कमी कर, आई. तुझं ते गुरुवारचं. मला फार अवघड होईल." त्यालाही मी हो म्हटलं. रडणाऱ्या मुलीला आणखी काय म्हणणार?

गुरुवारचं म्हणजे विहीणबाईंचं शिवणकामाचं दुकान. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा-सून वेगळ्या गावात, म्हणून त्या दिवसभर मशीनवर. आमचे हे टीव्हीपुढून हलत नाहीत. रिटायर झाल्यावर मी एकदा ब्लाऊज टाकायला गेले ती तिथेच बसले, आणि मग दर गुरुवारी बसायला लागले. त्या शिवायच्या, मी बटणं लावायची. बटणं लावताना मी सुया वाकवते. "हाताला काय तिकिटं फाडायची सवय आहे का?" असं त्या दर वेळी खेकसायच्या. आम्ही पंख्यावरून भांडायचो, चहातल्या साखरेवरून भांडायचो, खिडकी उघडी की बंद यावरून भांडायचो. गिऱ्हाइकांना वाटायचं, या सख्ख्या बहिणी. मला त्या दुकानात जितकं बरं वाटायचं तितकं स्वतःच्या घरात वाटत नव्हतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण खरं होतं.

फिरायची कल्पना तिथलीच. मुलं लग्नानंतर पाठीवर पिशव्या टाकून त्याच देशात हिंडून आली होती. एक निळी पिशवी, एक लाल. त्यांच्या फोटोंवरून विहीणबाई म्हणाल्या, "मी कापड सोडून काही बघितलं नाही." मी म्हणाले, "मी आयुष्यभर फिरले, पण त्याच रस्त्यावर." तिकिटं काढली, मुलांनी पिशव्या दिल्या. मला लाल आली.

इंग्रजीत विहिणीला काय म्हणतात हे आम्हाला कुणी धड सांगेना. तर विहीणबाईंनी दुकानातच खूण बसवली. दोन्ही हातांच्या तर्जनी एकमेकींना चिकटवायच्या, म्हणजे मुलगा आणि मुलगी. मग एकदा स्वतःकडे, एकदा माझ्याकडे बोट दाखवायचं. ही खूण त्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला करून दाखवली. इतकी, की बाहीचं माप घ्यायचं राहून जायचं.

तर आम्ही निघालो. स्वस्तात हिंडायचं म्हणजे काय असतं, हे पाय सुजल्यावर कळतं. संडास सगळ्यांचा एक, कपड्यांची दोरी सगळ्यांची एक, आणि सकाळी आंघोळीच्या रांगेत आपल्या मुलांहूनही लहान पोरं उघड्या अंगाने उभी. मी दोन दिवसांत रुळले. बस दिसली की मला हुरूप येतो. कुठल्या दारातून चढायचं, सामान कुठे टाकायचं, ड्रायव्हरच्या मागची जागा कशी धरायची, हे सगळ्या देशांत सारखंच आहे. विहीणबाई मागून निळी पिशवी सांभाळत यायच्या आणि म्हणायच्या, "तुम्ही बसा खिडकीत."

खिडकीत! या बाईने मला रिक्षातसुद्धा कधी कडेला बसू दिलं नव्हतं.

मग मीही म्हणायची, "नाही नाही, तुम्ही बसा." पंखा वाढवू का? तुम्हाला चालेल तसं. चहा गोड झाला का? छान आहे. आम्ही इतक्या गोड वागत होतो की मला मळमळायला लागलं. आणि वाईटही वाटायचं. शेवटची ट्रिप आपली, ती अशी चालली आहे, परक्या बायकांसारखी. एका दुपारी नदीकाठच्या पायऱ्यांवर त्या मला सोललेलं संत्रं देत होत्या. शिरा काढून, एकेक फोड. मला रडू आलं आणि मी डोळ्यांत धूळ गेली म्हणून सांगितलं. त्यांनी लगेच स्वतःच्या पदराचा बोळा करून पुढे केला. पूर्वी म्हणाल्या असत्या, चष्मा घाला म्हणून कितीदा सांगितलं.

वाटेत भेटेल तो विचारायचा, सिस्टर्स? दर वेळी खूण मीच करायची. तर्जनीला तर्जनी लावताना मला चोरी केल्यासारखं वाटायचं. आणि खूण ज्यांनी काढली, त्या विहीणबाई तेवढ्यात पिशवीचा बंद आवळायला लागायच्या. हे माझ्या ध्यानात आलं होतं, पण त्याचा अर्थ लावायला मी तयार नव्हते.

मग ती डोंगरातली बस आली. शेजारच्या बाकावर एक बाई होती, मांडीवर टोपली. तिने आमच्याकडे बघून हसून विचारलंच. या वेळी मी हात उचलला नाही. म्हटलं, बघू. विहीणबाईंचे हात मांडीवर होते, ते तिथेच राहिले. त्या बाईने पुन्हा विचारलं. आम्ही दोघी समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बसलो.

मी म्हणाले, "तुम्हाला माहीत आहे."

"काय?"

"तेच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा पार उतरला होता. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"लेकीने. निघायच्या आधी. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मुलाने. निघायच्या आधीच. म्हणाला, त्यांना सांगू नकोस, त्यांना बीपी आहे."

"मला कुठे बीपी आहे?"

"मग मला तरी कुठे आहे?"

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो आणि मला हसू फुटलं. त्यांनाही फुटलं. टोपलीवाली बाईसुद्धा काही न कळता हसायला लागली. विहीणबाई डोळे पुसत म्हणाल्या, "दोघांनी बसून ठरवलेलं दिसतंय. एवढं एकमत संसारात कुठे गेलं होतं?"

हसू ओसरल्यावर मी नको ते बोलले. "तुमच्या मुलाने जरा घरात लक्ष दिलं असतं तर ही वेळ आली नसती."

"माझ्या मुलाने?" त्या सरळ झाल्या. "तुमची लेक रात्री कामावरून येणार, आल्यावर फोनवर बसणार. त्याने लक्ष द्यायचं कुठे, भिंतीकडे?"

"ती कमावते म्हणून तर हप्ते फिटतात!"

"आणि तो काय हातावर हात धरून बसतो?"

मग जे झालं ते सांगण्यात अर्थ नाही. मुलांच्या लग्नापासून चार वर्षं मनात दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. आजारपणात कोण आलं नाही, घर बघायला कोण कुणाला न विचारता गेलं, कुणाच्या मुलाला चहा करता येत नाही. बस वळणं घेत होती आणि आम्ही आमच्या भाषेत, भर बसमध्ये, एकमेकींच्या डोक्यावर मिऱ्या वाटत होतो. कंडक्टर पोरगी एकदा येऊन उभी राहिली आणि माझा चेहरा बघून परत गेली. मी तिच्या जागी असते तर आम्हाला उतरवलं असतं.

शेवटी दम लागला म्हणून थांबलो. मग विहीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "गुरुवारचं बंद कर, असंही म्हणाला."

"तीही म्हणाली."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"हो म्हटलं. तुम्ही?"

"मीही हो म्हटलं."

मला ते फार लागलं. मी स्वतः तेच केलं होतं, तरी लागलं. वाटलं, या बाईने निदान एकदा तरी नाही म्हणायला हवं होतं. त्यांनाही तसंच वाटत असणार, कारण त्यांनी तोंड फिरवलं. मी म्हणाले, "तुम्हाला आता हाक तरी काय मारायची?"

"मारायची कशाला? बंदच करायचंय ना?"

बस थांबली. आम्ही उतरलो. हॉस्टेल चढावर होतं. त्या पुढे, मी मागे. निळी पिशवी त्यांच्या पाठीवर हिंदकळत होती, आणि गुडघ्यामुळे त्या एक पाय जपून टाकत होत्या. पिशवी घेऊ का, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण त्या नाही म्हणतील या भीतीने मी विचारलं नाही. आता घरी जायचं, गुरुवारी आमच्या ह्यांच्याबरोबर टीव्ही बघायचा, आणि बाजारात विहीणबाई दिसल्या की रस्ता बदलायचा. झालं. संपलं. माझं मन अगदी खचलं.

काउंटरवरच्या मुलीने किल्ली दिली. भर दुपार होती. खोलीत सगळ्या खाटा भरलेल्या, कोपऱ्यातली एक दुमजली तेवढी रिकामी. मी दारातच थांबले. म्हटलं, आता त्या म्हणणार, तुम्ही झोपा खाली. आणि मी म्हणणार, नाही नाही, तुम्ही. आणि त्या अदबीने वर चढणार.

विहीणबाई ताड ताड चालत गेल्या आणि त्यांनी निळी पिशवी खालच्या खाटेवर आदळली.

"माझे गुडघे ठणकतायत," त्या म्हणाल्या. "तुम्ही जा वर. आणि पंखा मोठा करा जाताना."

मी पंखा मोठा केला नाही. शिडी चढले. शिडीने तळव्यांना रग लागली, वर पत्रा तापलेला होता, गादीला कुणाच्या तरी तेलाचा वास होता. मी आडवी झाले, तशी खाट करकरली.

"हळू! पडाल माझ्या अंगावर," खालून आवाज आला.

"पडले तर पडले. पंख्याने मला सर्दी होते, सांगून ठेवते."

"चादर घ्या."

मला वाटलं, झोपल्या. मी लाल पिशवी उशाशी ओढून घेतली.

"आणि गुरुवारी येताना," खालून विहीणबाई म्हणाल्या, "सुई तुमची तुम्ही आणा. माझी चांगली सुई मागच्या खेपेला वाकवून ठेवलीत."

"मुलं काय म्हणतील?"

"म्हणू देत. त्यांचं त्यांनी मोडलं, आपलं त्यांना कुणी विचारलंय?"

मी उठून वाकले, वरूनच हात लांब करून भिंतीवरचं पंख्याचं बटण एक घर पुढे सरकवलं, आणि म्हणाले, "आणते, विहीणबाई."