गादीखालची ऊब

कीर्तनाचा पूर्वरंग रंगात आला होता, तेवढ्यात थंडीने सोमाजीबुवांचे पाय बधिर झाले आणि बुवा देवळातच मटकन खाली बसले. देवळात सारवण घालणाऱ्या भागीरथेने त्यांना उठवलं.

"बसून कीर्तन होत नाई, माय," बुवा म्हणाले. "नारदाची गादी उभ्यानं चालवायची. आता बंद."

हरिकथेला जोडे चालत नाहीत आणि शेगडीच्या धुराने गळा बसतो, हे भागीरथेला ठाऊक होतं. पण बुवांच्या तोंडून नाम ऐकल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे. तिने पदर खोचला. बुवा उभे राहत तिथे चर खणला, वर दगडी फरशा टाकल्या, चिखलाचा जाड थर दिला आणि शेणाने सारवलं. चराच्या एका तोंडाशी, भिंतीबाहेर, धानाच्या भुशाच्या विस्तवाची जागा. दुसऱ्या तोंडाला धूर जायला बुडं फोडलेली मडकी एकावर एक.

मृदंगवाला लटारू हसला. "काऊन वो बाई, आपली थंडी तं चार दिवसाची पाहुणी. तिच्यासाठी भुईखाली चूल?"

"पाहुणी जाईल, लटारूभाऊ. बुवाचे पाय गेले तं कुठून आणू?"

दिवेलागणीला तिने भुसा पेटवला. कीर्तनाची वेळ झाली, बुवांनी पाऊल टेकवलं, भुई थंडगार! ते तसेच घरी गेले. सकाळी पाहते तो गावची कुत्री त्याच जागी ताणून पडलेली.

"कुत्र्याइले वैकुंठ भेटलं, बाई!" लटारू म्हणाला.

भागीरथेने कुत्री हाकलून तळहात टेकवला. भुई अजून कोमट होती. जाड मातीतून ऊब वर यायलाच रात्र लागली होती तर! तिने दुपारीच भुसा पेटवला आणि बुवांचं दार गाठलं.

"पुन्हा नको, माय."

"पाय तं ठेवून पाहा. नाई जमलं तं मी बोलणार नाई."

संध्याकाळी बुवांनी एक पाय ठेवला. मग दुसरा. बोटं हळूहळू सुटी झाली. लटारू गालात हसत फजितीची वाट पाहत होता.

बुवांनी कमरेला उपरणं कसलं. "लटाऱ्या, हासाचं असन तं मंग हास. आधी मृदंग घे."

नमनाला बुवांची टाच उचलली गेली. तापलेल्या मातीला आता रात्रभर भुसा लागणार नव्हता. भागीरथा आत येऊन पुढेच बसली आणि पहिल्याच धृपदाला तिने असा आवाज लावला, की मागच्यांना मुकाट बसवेना.