आपोआप चालणारा माणूस

रविवारची जेवणं आटोपली, तशी लेकीने टेबल दोनदा पुसलं आणि मधोमध एक खोकं आणून ठेवलं. बाबांनी पेपर बाजूला सारला. दिवसभर लोकांच्या दाढा कोरणारी, चाळिशीला आलेली आपली दातांची डॉक्टर मुलगी स्वतःसाठी गेम खेळायचं यंत्र घेऊन येते, याची त्यांना सकाळपासून गंमत वाटत होती.

"कुणाला द्यायचंय का?" त्यांनी विचारलं.

"कुणाला नाही, माझंच आहे. दवाखान्यातून आल्यावर डोकं बंद करायला काहीतरी हवं ना."

बाबा खुर्ची ओढून जवळ बसले. त्यांनी उभा जन्म गोदीत क्रेनवर काढला होता. उंच केबिनमध्ये बसायचं, दोन हातांत दोन लीव्हर, आणि खाली तारेला लटकणारा घराएवढा कंटेनर. पुढे उजवा हात थरथरायला लागला. एकदा लटकतं वजन नको तेवढं झुललं. कुणाला लागलं नाही, पण बाबा त्याच दिवशी कुणी सांगायच्या आत खाली उतरले, ते परत वर चढले नाहीत. तेव्हापासून उजवा हात बहुतेक वेळ खिशात असायचा. चहाही अर्धा कपच घ्यायचे.

लेकीने यंत्र बाहेर काढलं. वहीएवढी रुंद स्क्रीन, दोन्ही अंगांना बटणं आणि अंगठ्याने फिरवायच्या दोन बुटक्या काड्या.

"लाव की," बाबा म्हणाले.

"आधी स्क्रीनवर काच बसवू. एक ओरखडा पडला तरी माझं मन उडेल त्यावरून." तिने पंखा बंद केला आणि बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ सोडला. "वाफेने हवेतली धूळ खाली बसते म्हणे."

"म्हणे, की बसते?"

मग बाबाच बॅटरी घेऊन आत गेले. प्रकाशाच्या झोतात आधी धुळीचे कण नाचत होते. नळ बंद करून थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं, तर झोत बराच स्वच्छ.

"बसते," त्यांनी आतूनच कळवलं.

दोघं बाथरूममध्येच उभी राहिली. लेकीने दवाखान्यातले हातमोजे चढवले, स्क्रीन पुसली आणि दाढ भरायला घेतल्यासारखा चेहरा करून काच अलगद सोडली. काच मधून चिकटत कडांकडे गेली. एका कोपऱ्यात बुडबुडा राहिला, तो तिने कार्डाच्या कडेने बाहेर रेटला.

"काय चाललंय दोघांचं आत?" बाहेरून आईचा आवाज आला.

"ऑपरेशन," बाबा म्हणाले.

टेबलाशी परत आल्यावर यंत्र सुरू झालं. त्याने भाषा विचारली, वायफायचा पासवर्ड मागितला आणि मग अपडेट घेत बसलं.

"कोरं करकरीत आहे, मग ही दुरुस्ती कसली?"

"बनवून झाल्यावर त्यांना चुका सापडतात, बाबा. त्या सुधारून पाठवतात."

"सगळ्या सापडतात?"

"सगळ्या कशा सापडतील?"

अखेर गेम उघडला. एका धक्क्यावर टोपीवाला छोटा माणूस उभा होता, मागे खोक्यांची रास, पुढे नि डावीकडे पाणी. लेक दोन पावलं चालते तोच तिचा फोन वाजला. कुणा पेशंटची दाढ ठणकत होती. "धरा जरा," म्हणून तिने यंत्र बाबांच्या हातात दिलं आणि ती आतल्या खोलीत गेली.

बाबांनी डावा अंगठा काडीवर नुसता टेकवला. टोपीवाला डावीकडे चालू लागला आणि पाण्यात पडला. गेमने त्याला पुन्हा धक्क्यावर आणून ठेवलं. तो पुन्हा डावीकडे गेला, पुन्हा पाण्यात. उजव्या हाताची त्यांना सवय झाली होती. पण डावा चांगला होता, आजवर तोच सगळं सांभाळत आला होता. आता हाही गेला की काय? त्यांनी अंगठा उचलला. माणूस चालतच होता. त्यांनी यंत्र टेबलावर ठेवलं, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि वाकून पाहिलं. तो तरीही चालत होता. बाबांचा जीव भांड्यात पडला.

लेक परतली तेव्हा ते उजवा हात पुन्हा खिशात घालून एकटेच हसत होते.

"काय झालं?"

"तुझा माणूस कुणी न सांगता चाललाय. मला वाटलं, माझा डावा हातही गेला."

मग यंत्र उचलून तिने तोंड वाकडं केलं. "नवीनच घेतलंय, आणि आत्ताच ही तऱ्हा. उद्या परत करते."

"परत काय लगेच? काडीला मधे मोकळी जागा किती सोडलीय, ते बघता येतं का?"

"मोकळी जागा म्हणजे?"

"लीव्हर जरासा हलला, तरी क्रेन हलत नाही. मधे थोडं अंतर मेलेलं ठेवतात. नाहीतर माणूस शिंकला तरी वजन झुलेल."

सेटिंगमध्ये शोधता शोधता खरंच एक वर्तुळ निघालं. त्यात एक ठिपका होता, आणि काडीला कुणी हात न लावताही तो डावीकडे कललेला. यंत्राने सांगितलं तशी लेकीने काडी गोल फिरवून सोडली. ठिपका मधे येऊन थांबला. खाली मोकळ्या जागेचं माप कमी-जास्त करायची सोयही होती.

बाबा वर्तुळाकडे बघत बसले. मग त्यांनी खिशातून उजवा हात काढला.

"उजव्या काडीचंही दिसतं का?"

अंगठा टेकताच ठिपका थरथरायला लागला. दोघं तो बघत होती. इतक्या जवळून त्यांनी हे आजवर कुणालाच बघू दिलं नव्हतं, डॉक्टर लेकीलाही नाही. तिने माप थोडं वाढवलं. ठिपका मंदावला. आणखी थोडं वाढवलं, आणि तो स्थिर उभा राहिला. बाबांनी काडी ढकलली तर तो गेला, सोडली तर परत येऊन थांबला.

"कापतोय तर अजून," ते हाताकडे बघत म्हणाले. "पण यंत्राला पत्ताच नाही."

"तुम्हीच खेळा आता."

टोपीवाला आता सांगितलं तरच चालत होता. बाबांनी त्याला थेट खोक्यांपाशी नेलं.

"बाबा, तिकडे नाही. स्क्रीनवरचा बाण पुलाकडे जायला सांगतोय."

"बाण दिसला मला. ही उचलता येतात का बघू."

खोकी उचलता येत होती. बाबांनी एकावर एक रचली, एकदा ढासळली, पुन्हा रचली. त्यांच्यावरून टोपीवाला मागच्या उंच भिंतीवर चढला. पलीकडे लांबवर पाणी होतं आणि पाण्याच्या पार एक बेट, त्यावर दिव्याचा खांब.

"तिथे जाता येतं?"

"माहीत नाही," लेकीने खुर्ची जवळ ओढली. "उजवीकडे वळून बघा, होडी आहे का कुठे."