पेटीतली शेवटची चिठ्ठी

चर्चमध्ये चिठ्ठ्या वाचायचं काम मला मिळून तीनच रविवार झाले होते आणि माझा आवाज मलाच भलता आवडायला लागला होता. प्रार्थनेच्या विनंत्या लोक नाव न घालता पेटीत टाकतात. वाचणाऱ्याने त्या आहेत तशा वाचायच्या, एकही गाळायची नाही आणि शेवटी गठ्ठा पाळकांच्या हातात द्यायचा.

गीत चालू असताना मी गठ्ठा चाळला. कुणाचा गुडघा, कुणाची परीक्षा. आणि शेवटची:

'दुकानं भाड्याने द्यायला आपण चार मजले चढवतोय. गळतीमुळे आपल्याच वृद्धाश्रमातल्या खाटा व्हरांड्यात आल्यात. प्रभू, आम्हाला लाज दे.'

डाव्या हाताने लिहिल्यासारखं वाकडंतिकडं अक्षर. पण 'ळ'ची ती लांबलचक शेपटी! बाहेरच्या फळ्यावर दर आठवड्याला वचन लिहिणाऱ्या माणसाची ती खोड इथल्या पोराटोरांनाही माहीत आहे. तो माणूस म्हणजे माझे पप्पा. चर्चचे राखणदार. पगार चर्चचा, राहायची खोलीही चर्चची. मी घरात चर्चच्या त्या नव्या इमारतीचं नाव काढलं की "हळू बोल, भिंत त्यांची आहे" म्हणणारे हेच गृहस्थ.

गाळावी तर पद्धत मोडते. तशीच पाळकांना द्यावी तर अक्षर ओळखून आम्ही सामानासकट रस्त्यावर. एकच कडवं उरलं होतं. मी वहीचं पान फाडलं, माझ्या अक्षरात चिठ्ठी उतरवली आणि पप्पांची मोज्यात कोंबली.

वाचली. गठ्ठा पाळकांच्या हातात दिला. त्यांनी वरचाच कागद पाहिला.

"हे तुझं अक्षर."

"हो," मी म्हणाले. दाराशी उभ्या पप्पांकडे मान वळवायची हिंमत झाली नाही.

संध्याकाळी पप्पांना पाळकांचं बोलावणं आलं. पुढच्या रविवारी मुलीने सगळ्यांसमोर माफीनामा वाचावा, नाहीतर खोली रिकामी करावी. पप्पा घरी आल्यावर मी मोज्यातली चिठ्ठी काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती घडी करून खिशात ठेवली.

आज शनिवार. खिडकीसमोर नव्या इमारतीची भिंत इतकी वर आलीय, की दुपारीच दिवा लावावा लागतो. त्या दिव्याखाली बसून पप्पांनी माफीनामा लिहून दिला. उजव्या हाताने, सगळ्या शेपट्यांसकट.

'ती चिठ्ठी मुळात माझी होती. मुलगी माझ्यामुळे खोटं बोलली, त्याची माफी मागतो. चिठ्ठीची नाही.'

"आणि खोली?" मी विचारलं.

"तू फक्त वाच."

उद्या मला तो वाचायचाय. आहे तसा, एकही शब्द न गाळता.